आपली काच

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. भूत, करणी, भानामती, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. तुमच्या या सदरात लोक लिहितात, कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाला मेलेल्या सासऱ्यानं हाक मारली... मी ते सगळं ऐकतो आणि हसतो. ऐकतो म्हणतोय, कारण डोळ्यांनी आता साथ सोडलीय. हेसुद्धा मी नुसतं सांगतोय, लिहून घेणारं माणूस दुसरं आहे. अक्षर त्या माणसाचं, चुका माझ्या.

मी छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत रक्त, लघवी आणि थुंकी तपासली. भिंगाखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही — एवढाच माझा धर्म. आणि नेमकी हीच माझी अडचण आहे. जे झालं ते भिंगाखाली झालं. अंधारात कुठं झालं असतं तर मीच त्याला भास म्हणून मोकळा झालो असतो. पण झालं ते सकाळी साडेदहाला, खिडकीतून टेबलावर चांगलं खणखणीत ऊन आलेलं असताना.

आम्ही वडगावचे. बेळगावच्या दक्षिण अंगाला शहापूर, खासबाग आणि वडगाव — सगळी मागांची वस्ती. आमच्या घरात दोन माग होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, लुगडी विणायचे. आई मी पाच वर्षांचा असताना गेली. माझी थोरली बहीण तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मी आक्का म्हणायचो. तिनं मला वाढवलं असं म्हणायची पद्धत आहे, पण ते फार गुळगुळीत होतं. तिनं मला मारलं, भरवलं, खरूज झाली तेव्हा कडूनिंबाच्या पाण्यानं घासलं, आणि माझ्या शाळेपायी आप्पांशी दोन दिवस अबोला धरला. आप्पांना मी मागावर बसायला हवा होतो.

परीक्षेला निघालो की ती मला उंबऱ्यात उभा करायची. दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायची. अलाबला घेणं. म्हणजे तुझी इडापिडा मी माझ्यावर घेतली. तुमच्याही घरी कुणीतरी करतच असेल. जितकी बोटं वाजतील तितकी माया असं बायका म्हणतात, म्हणून आक्का मोठ्यानं मोजायची. "आठ वाजली रं बाळू. दोन न्हाई वाजली, ती तुझ्या मास्तराच्या वाट्याची."

तिचं लग्न निपाणीला झालं. नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला. वर्षभरात तीही त्याच वखारीत तंबाखू चाळायला जायला लागली. आणि मी मॅट्रिक होऊन सरकारी कॉलेजच्या लॅबोरेटरी असिस्टंटच्या वर्गात शिरलो. कॉलेजचं नाव सांगत नाही. आता त्याचा काही उपयोगही नाही. युद्ध संपून वर्ष झालं होतं. आम्ही सहाजण होतो. डॉक्टर होणाऱ्या पोरांना लोक 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे, आणि आम्हाला 'थुंकी बघणारे'. पण मला ते काम आवडायचं. कारण ते रंगाचं काम होतं, आणि रंग मला घरचेच.

क्षयाचे जंतू तसे दिसत नाहीत. थुंकी काचेवर पसरायची, दिव्यावर सुकवायची, मग त्यावर फ्युक्सिन नावाचा लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचा. नंतर अ‍ॅसिडनं धुवायचं. सगळ्याचा रंग उतरतो, फक्त या जंतूचा उतरत नाही. मग वरून निळा रंग द्यायचा. निळ्यात लाल काड्या दिसल्या की समजायचं. हे मी आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी माझी लाल झालेली बोटं हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "ह्यो तर आमचाच रंग की. मंजे त्यो जंतू पक्क्या रंगाचा म्हण. बाकी समदी कच्ची." इतकं सोपं आमच्या पुस्तकातसुद्धा नव्हतं.

आमचे मास्तर मठपती म्हणून होते. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी, आणि रागावले की मराठी. त्यांचा एक नियम होता. रोज काम सुरू करताना प्रत्येकानं पहिली काच स्वतःच्या थुंकीची करायची. तिला आम्ही 'आपली काच' म्हणायचो. पेशंटांच्या काचांबरोबरच, त्याच रंगांत, त्याच अ‍ॅसिडात ती धुवायची आणि सगळ्यात आधी तीच बघायची. तिच्यावर लाल काही दिसता कामा नये. दिसलं, तर रंगात घाण आहे, काच नीट धुतलेली नाही, किंवा तू गाढव आहेस — तीनपैकी काहीही असो, त्या दिवशीच्या सगळ्या काचा टाकून द्यायच्या आणि पेशंटांना पुन्हा बोलवायचं. "आपली काच खोटी, तर जगाची काच खोटी," असं ते वर्गात रोज म्हणायचे.

खुणेसाठी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात काच कापायच्या हिरकणीच्या टोकानं नंबर कोरायचा. आपल्या काचेवर नंबर नाही, नुसती एक तिरकी रेघ. ही रेघ लक्षात ठेवा.

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. एका दुपारी घरी आलो तर सोप्यात आक्का बसलेली. मांडीवर सात महिन्यांची तान्ही मुलगी. मी आधी आक्काला ओळखलंच नाही. गळ्याची हाडं दिसत होती. मला बघून हसली आणि हसता हसता खोकायला लागली... बराच वेळ खोकत राहिली.

"तंबाखूचा ठसका हाय रं," ती म्हणाली. "वखारीत समद्यास्नी आसतोय."

सासरच्यांनी तिला उगीच पाठवलं नव्हतं. सासूनं निरोप दिला होता — भाऊ दवाखान्यात शिकतोय, त्याच्याकडून सरकारी कागद आण. ठसकाच असेल तर दसऱ्याला परत ये. मोठा रोग निघाला तर येऊ नकोस, पोर मात्र आम्ही घेऊन जाऊ.

आक्कानं हे सगळं पोरीला मांडीवर थोपटत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मग एकदम म्हणाली, "बाळू, मराचं मला कळतंय. पर हिला न्हेली तर मी आधीच मरीन की रं."

त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. परदेशात काहीतरी निघालंय असं मास्तर म्हणायचे, पण ते आम्हाला चंद्राइतकं लांब. दूध, अंडी, मोकळी हवा आणि देव — एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची थुंकी मी घरूनच डबीत घेतली. परसात न्हाणीजवळ ती वाकून खोकत होती, मी डबी धरून उभा होतो. डबीत काय पडलं ते मी बघितलं. पिवळट, घट्ट, आणि त्यात एक बारीक लाल धागा. ती तोंड पुसत सरळ झाली. काय सुचलं कुणास ठाऊक, मी डबी खाली ठेवली, हात धुतले, आणि तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून माझ्या कानशिलांवर बोटं मोडली.

"आगं बया!" ती हसायला लागली. "गडी अलाबला घेत न्हाईत रं, खुळ्या!"

पण दहाच्या दहा बोटं वाजली होती. तिनं मोजली. हसणं थांबवून माझ्याकडं बघितलं आणि मग रागावली. "पुन्यांदा आसलं करू नगंस. आयकलंस? तुज्यावर काय घिऊ नगंस." मी म्हटलं, "गंमत केली गं." गंमत केली नव्हती. मनातल्या मनात मी अगदी शब्दांत म्हटलं होतं — हे मला होऊ दे.

त्या दिवशी वर्गात मी सात काचा केल्या. सहा पेशंटांच्या, त्यातली चौथी आक्काची. आणि एक आपली. भिंगाखालच्या आरशानं ऊन पकडलं, काचेवर तेलाचा थेंब टाकला, आणि नियमाप्रमाणं आधी आपली काच बघितली.

लाल काड्या.

एखादी नाही... जिथं सरकवावं तिथं. निळ्या पाण्यात कुंकवाच्या काड्या सांडल्यासारख्या. मी डोळा काढला, पुसला, काच काढून कोपरा बघितला. तिरकी रेघ. मग आक्काची काच घातली. कोपऱ्यात चार नंबर. पाऊण तास मी ती इंच इंच बघितली. एकसुद्धा लाल काडी नाही.

तुमच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. बदलली असणार. माझ्याही मनात तेच आलं. नियमाप्रमाणं मी लगेच मास्तरांना सांगून सगळ्या काचा टाकायला हव्या होत्या. मी सांगितलं नाही. उरलेल्या पाच पेशंटांची थुंकी डब्यांत शिल्लक होती, त्यांच्या काचा मी दुपारी गुपचूप पुन्हा केल्या, तेवढी अब्रू राखली. पण आपली काच लाल निघाली हे लपवलं. लपवलं, कारण ती बदललेली नसेल तर — आक्काला काही नव्हतं. आणि मला होतं. वीस वर्षांच्या पोराला ही बातमी कळल्यावर काय वाटावं? मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीच्या मागोमाग जे वाटलं तो आनंद होता. तसा आनंद मला नंतर नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी जराही जागा ठेवली नाही. कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या काचा काढल्या, आजवर कुणाच्या थुंकीला न शिवलेल्या. सकाळी फक्त आक्काची काच केली, रंगवली, धुतली, बघितली, पेटीत ठेवली. स्वच्छ. मग ताटल्या घासल्या, हात अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवले, रंग नव्या बाटलीतून घेतला, आणि दुपारी एकट्याची आपली काच केली. तेव्हा टेबलावर आक्काच्या थुंकीचा थेंबही नव्हता. दुपारचं ऊन तिरपं येत होतं. आरसा फिरवून फिरवून मी बघितलं.

लाल. कालच्यापेक्षा जास्त.

तिसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा मी त्या दिवशीच्या दोन्ही काचा मठपती मास्तरांसमोर ठेवल्या. घरच्या माणसाची काच आपण बघायची नाही, हात हलतो, असंही त्यांचंच म्हणणं होतं. पहिली मी आक्काच्या नावानिशी दिली. दुसरी, कोपऱ्यातल्या रेघेवर कागद चिकटवून, येळ्ळूरच्या एका पेशंटची म्हणून सांगितली.

त्यांनी आक्काची काच बराच वेळ बघितली. "काय नाही हिच्यात. साफ आहे." मग दुसरी घातली आणि पहिल्याच नजरेला थांबले.

"नोड," ते स्वतःशीच पुटपुटले. कन्नडमध्ये, बघ म्हणून. मग मला विचारलं, "वय काय ह्याचं?"

"वीस, सर."

"लगीन?"

"नाही झालेलं."

"बरं झालं," मास्तर म्हणाले, आणि आक्काच्या कागदावर सही केली.

तो कागद घेऊन मी खासबागेतून जवळजवळ पळतच घरी गेलो. आक्काला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटासुलटा करून बघितला, कपाळाला लावला आणि पोरीच्या झबल्यात खोचला. "बग गं, तुज्या मामानं तुजी आई तुला दिली," असं तिला म्हणाली. आप्पा मागावर बसले होते. त्यांनी धोटा हातातच धरून ठेवला होता, बराच वेळ टाकला नाही.

कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणारी सर्विस मोटार तेव्हा निपाणीला जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना मोटारीत बसवलं. आक्कानं खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या तोंडावरून फिरवायला. मी मागं सरकलो. मला वाटत होतं, आता माझ्याजवळ कुणी येऊ नये. तिला वाईट वाटलं ते मला दिसलं. पोरीला मी शेवटपर्यंत हात लावला नाही.

आठवड्याभरानं मी मास्तरांना खरं सांगितलं. सांगणं भागच होतं, बाकीचे पाचजण माझ्या शेजारी बसून भाकरी खात होते. मास्तर खुर्चीतून उठले. मग मला खिडकीपाशी उभा करून, स्वतःच्या हातानं डबी धरून माझी थुंकी घेतली. सहा काचा स्वतः केल्या. स्वतः बघितल्या.

सगळ्या स्वच्छ.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. छातीचा फोटोही काढला. काही नाही. मठपती मास्तर टेबलाच्या पलीकडं बसले, आणि त्या दिवशी मराठीत बोलले.

"तू काच बदललीस. ती लाल काच तुझ्या बहिणीची आहे."

"नाही सर. रेघ बघा. आणि दुसऱ्या दिवशी तर दोन्ही एका वेळी टेबलावरच नव्हत्या."

"मग कुठनं आले ते जंतू? आकाशातनं?" त्यांनी रेघेची काच पुन्हा उजेडात धरली. "माझी सही आहे त्या कागदावर. तिला परत बोलाव. आपण पुन्हा बघू."

मी म्हटलं, "बोलावतो."

मी कार्ड लिहिलं. 'आक्का, एकदा येऊन जा, पुन्हा तपासायचे आहे.' ते कार्ड माझ्या पुस्तकात राहिलं. मास्तरांनी विचारलं तेव्हा, सासरचे पाठवत नाहीत म्हणून सांगितलं. आज टाकू, उद्या टाकू... नाही, हेही खरं नाही. मला टाकायचंच नव्हतं.

वर सुरुवातीला मी तुम्हाला जे सांगितलं, असल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता, ते खोटं आहे. एकदा होता. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत, आठ महिने. मला वाटत होतं, त्या सकाळी न्हाणीजवळ दहा बोटं वाजली आणि आक्काचं दुखणं माझ्याकडं आलं. आल्यावर माझ्या अंगात टिकलं नाही, विरून गेलं. झालं, सुटलो दोघंही. भिंगाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा मी, ही गोष्ट मी स्वतःला रोज सांगायचो आणि मला ती पटायची. कार्ड टाकलं असतं तर ती तपासावी लागली असती.

फाल्गुनात निरोप आला, आक्काला बरं नाही. मी निपाणीला गेलो. घराच्या मागच्या खोलीत, तंबाखूची पोती रचून ठेवलेल्या भिंतीला टेकून ती बसली होती. पोरगी तिच्या मांडीवर, अंगावर पीत होती. शेजारी थुंकायला राखेचं मडकं. त्या मडक्यात काय होतं ते बघायला मला भिंगाची गरज नव्हती.

"बाळू," ती म्हणाली, "कागदात तर काय न्हवतं न्हवं?"

"न्हवतं, आक्का."

"तूच बगिटलतंस न्हवं?"

"मीच बगिटलतं. मास्तरांनी पण."

"मग हुईन बरी." तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "समदी म्हंत्यात पोरीला लांब ठेव. मी म्हंते, माज्या भावाचा कागद हाय."

मी तिथंच सांगायला हवं होतं. पोरीला उचलून घ्यायला हवं होतं. मी तिच्यासमोर बसून चहा प्यालो.

निघताना तिनं मला जवळ बोलावलं. "आसा कशानं वाळलायस रं?" म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवले. या वेळी मी मागं सरकलो नाही. तिनं कानशिलांवर बोटं मोडली. पुन्हा मोडली. दाबून बघितली.

"येक पन वाजंना रं," ती म्हणाली. तिला त्याचं फार आश्चर्य वाटलं होतं.

वैशाखात ती गेली.

आता स्पष्टीकरणं. मी स्वतः ती पन्नास वर्षं तपासलीयत, तुम्ही त्रास घेऊ नका. क्षयाच्या माणसाच्या थुंकीत कधी कधी जंतू सापडत नाहीत — कबूल. आक्काच्या काचा तीन दिवस स्वच्छ निघाल्या, तो नशिबाचा भाग म्हणू. पण माझ्या? कोऱ्या काचेवर, नव्या बाटलीच्या रंगात, वेगळ्या वेळी? रंगातच घाण असती तर आक्काची काचही लाल व्हायला हवी होती. मी मुद्दाम खोटं केलं, असं मठपती मास्तरांना शेवटपर्यंत वाटत असावं. त्यांनी मला पास केलं, पण पुन्हा कधी माझ्या डोळ्यांत बघून बोलले नाहीत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत दरवर्षी माझ्या छातीचा फोटो निघाला. क्षयाच्या वॉर्डात उभं आयुष्य गेलं आणि मला साधा खोकला म्हणून टिकला नाही. दुसऱ्या दिवशीची ती आपली काच मी जपून ठेवली होती. निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी भिंगाखाली घातली. हा रंग इतकी वर्षं राहत नाही, फिका पडतो, हे मी स्वतः पोरांना शिकवत आलो. काड्या लाल होत्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही दाखवली, नाव न सांगता. "भरपूर आहेत की सर," त्या म्हणाल्या.

मला जे वाटतं ते सांगतो, त्याला स्पष्टीकरण म्हणू नका. मी मागितलं होतं ते मला मिळालं. आक्काचं दुखणं माझ्याकडं आलं... पण नुसतं काचेवर. तिच्या छातीतलं तिथंच राहिलं. दिसायचं तेवढं माझं झालं आणि भोगायचं तिचं. मी काही मागितलं नसतं तर कदाचित तिच्या काचेवर खरं दिसलं असतं. सासरचे येऊन पोरीला घेऊन गेले असते. आक्का वडगावात, आप्पांच्या मागाशेजारी, पोरीचं नाव घेत आणखी लवकर गेली असती. आणि पोरगी वाचली असती. यातलं काय बरं झालं असतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

पोरगी वाचली, म्हणजे जिवंत राहिली. बापानं दुसरं लग्न केलं आणि तिला आमच्याकडं वडगावला आणून सोडलं. तीन वर्षांची झाली तेव्हा पाठीवर उंचवटा दिसायला लागला. क्षय मणक्यात गेला होता. आईच्या अंगावर प्यायलेले ते आठ महिने. वर्षभर फळीला बांधून झोपवली. तिथून पुढं तिची पाठ सरळ झाली नाही, लग्न झालं नाही. ती शिकली, वडगावच्याच शाळेत मास्तरीण झाली, आणि मी लग्न केलं नाही म्हणून आम्ही दोघं एकमेकांना धरून राहिलो. तिला सगळे सांगत आले, लहानपणी माडीवरून पडलीस. हे सगळ्यांना मीच सांगायला लावलं होतं.

तिचं नाव कमळ. तिचं अक्षर फार सुंदर आहे. हे सगळं मी सांगितलं आणि तिनं लिहून घेतलं. समोरासमोर सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही, म्हणून तुमच्या सदराचं निमित्त काढलं. आक्काचा विषय निघाला तेव्हाच तिला कळलं असेल कुणाची गोष्ट आहे ती. पण पेन थांबलं नाही. मला दिसत नाही, पण कागदावर पेनचा आवाज ऐकू येतो. तो पाठीच्या वाक्यापाशी थांबला.

मी वाट बघत बसलो. ती उठून जाईल असं वाटलं. बाहेर कुठंतरी माग चालू होता, आता विजेचे माग आलेत, खडखड फार. मग पेनचा आवाज पुन्हा आला.

"लिवलं," कमळ म्हणाली. "फुडं सांगा, मामा."

पुढचं मला माहीत नाही.